अंगठ्याचे माप

आवाज बंद झाला त्या सकाळी मला बरे वाटले होते, आणि नेमके तेच आज खुपते. थंडी सुरू झाल्यापासून आमची जुनी डिझेल गाडी रोज पहाटे एकच तक्रार करीत होती. थंड इंजिन तापवणाऱ्या हीटर प्लगचा पिवळा दिवा विझायचा, सेल्फ मारला की इंजिन दोन-तीन आचके देऊन जागे व्हायचे, आणि लगेच बॉनेटखालून एक लांब, वर चढत जाणारी किंचाळी निघायची. सुरुवातीला ती दोन सेकंदांत विरत असे. दोन महिन्यांत ती आठ-दहा सेकंदांवर गेली. इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा पुलीवर, म्हणजे त्याच्या खाचेच्या चाकावर, सरकतो आहे हे मला समजत होते. या गाडीचे बॉनेट मी शाळेत असल्यापासून उघडत आले आहे, त्यामुळे समजले नाही असे म्हणण्याची सोय मला नाही. तरीही या रविवारी बघू, पुढच्या रविवारी बघू, असे करीत मी एक सवय लावून घेतली. इंजिन लागले की थोडी रेस द्यायची, म्हणजे किंचाळी लवकर संपल्यासारखी वाटते. मग एका मंगळवारी ती आलीच नाही. बुधवारीही आली नाही. पट्टा आपला आपण बसला असावा, असे मी मनाशी धरून चालले.

शुक्रवारी रात्री परतताना भुरभुर पाऊस होता. वायपर काचेवरून जड अंगाने फिरत होते आणि समोरच्या दिव्यांचा उजेड नेहमीपेक्षा पिवळट वाटत होता. पावसामुळे असेल, असे मी म्हटले. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा इतका मंद तेवत होता की ते मागच्या गाडीचे प्रतिबिंब असावे असे वाटून मी त्यावर हाताचा आडोसा धरून पाहिले. दिवा खरोखरच पेटलेला होता. दिवसा तो मला कधीच दिसला नसता. तेवढ्यात उतार लागला. मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि चौथ्या वेळेला पेडल दगडासारखे लागले. दोन्ही पायांचा जोर एकवटून, गिअर खाली आणून, हँडब्रेकच्या मदतीने गाडी कडेला थांबली. इंजिन मात्र शांतपणे चालूच होते.

डिझेल इंजिनाचा हा गुण आहे आणि धोकाही. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, त्यामुळे बॅटरी खाली जाऊ लागली की ते अडखळून मालकाला सांगते. जुन्या डिझेलमध्ये हवा वीस-बावीस पट दाबून तापवलेली असते आणि डिझेल तिच्यात आपोआप पेटते. यांत्रिक पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. एकदा सुरू झाल्यावर त्याला विजेची गरज जवळजवळ उरत नाही. फार तर इंधन बंद करणारा छोटा व्हॉल्व्ह उघडा ठेवण्यापुरती वीज लागते. म्हणून चार्जिंग पूर्ण थांबले तरी ते तासन्‌तास तक्रारीविना चालते, आणि त्याची ही सहनशीलता आपण तब्येत समजतो. ब्रेकचे कारणही तिथेच होते. पेट्रोल गाडीत हवा अडवणाऱ्या झडपेमागे इंजिनाच्या श्वासातून तयार होणारी पोकळी ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, मिळते. डिझेलच्या श्वासनळीत तशी झडप नसते, म्हणून तिला वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो, आणि अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला, त्याच्याच दांड्यावर बसवलेला असतो. पट्टा सरकला की वीज कमी होतेच, शिवाय ब्रेकची साथही जाते. बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढी पोकळी साठलेली असते, त्यानंतर पाय एकटा पडतो. हे सगळे मला पाठ होते. उतारावर ते एकाही क्षणाला आठवले नाही.

शनिवारी उजाडताच बॉनेट उघडले. आमच्या इंजिनावर एकच व्ही-पट्टा आहे, तीन पुल्यांभोवती त्रिकोणात फिरणारा: खाली क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, मोठी पुली, मध्ये वॉटर पंप, आणि बाजूला अल्टरनेटरची लहान पुली. हात आधी अल्टरनेटरच्या पंख्याकडे गेला. इंजिन बंद असताना त्याचे पाते बोटाने ढकलले की पट्ट्यासकट सगळे अडले पाहिजे. माझ्या बोटाखाली पुली पट्ट्यातल्या पट्ट्यात गुळगुळीत फिरली. मग दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठा ठेवून दाबले आणि शेजारी पट्टी धरली. अठरा मिलिमीटर. दहा ते बारा असायला हवे होते. आणि अंगठा उचलला तर त्यावर नेहमीची कोरडी काळी भुकटी नव्हती, तेलाचा पातळ चकाकता थर होता. क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, पाझरलेले तेल पुलीवरून पट्ट्याला लागले होते. कोरडा पट्टा सरकला की किंचाळतो. तेल लागलेला पट्टा मुकाट्याने सरकतो. मंगळवारपासूनच्या शांततेचा अर्थ एवढाच होता.

पण तेल नंतर आले होते. सैलपणा आधीचा होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने केला होता.

अडीच महिन्यांपूर्वी, थंडी पडायच्या आधी, बाबा गाडीपाशी आले होते. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गाडी चालवणे त्यांनी सोडले आहे, पण बॉनेट उघडलेले दिसले की पाय तिकडे वळतातच. मी हवेचा फिल्टर बदलत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे पट्ट्यावर अंगठा ठेवला, दाबला, कपाळाला आठी घातली. “जास्त ताणलायस. अशाने बेअरिंग खाईल. थोडा सैल कर.” मी पाने घेतले आणि सैल केला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिले, अजून थोडा म्हणाले, तेवढाही केला. तिसऱ्या वेळी त्यांनी मान हलवली. तीस वर्षांत त्यांचा अंगठा चुकल्याचे मला आठवत नव्हते, म्हणून माझा अंगठा लावून पाहण्याचा विचार माझ्या मनात आलाही नाही. शनिवारी पट्टी हातात धरून उभी असताना ती दुपार मला जशीच्या तशी दिसली, आणि अठरा हा आकडा मला कोणालाच सांगावासा वाटेना.

त्या अंगठ्यानेच मी हे काम शिकले. मी दहा-अकरा वर्षांची असताना बाबांनी मला स्टुलावर उभे करून पट्टा पहिल्यांदा दाबायला लावला होता. इंजिन नुकतेच बंद झालेले, रबराचा आणि गरम तेलाचा मिसळलेला वास, रेडिएटरमधून येणारी ऊब, आणि बोटाखाली तो कडक, किंचित खरखरीत, जिवंत वाटणारा ताण. माझ्या बोटाने तो हललासुद्धा नव्हता. त्यांनी माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि दोघांचे मिळून दाबले, तेव्हा पट्टा खाली गेला. “एवढा. याच्यावर सैल, याच्याखाली घट्ट.” त्यांच्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला पान्याने पडलेला घट्टा होता, तो माझ्या नखावर टोचत होता. पुढे मी पट्टी लावून मोजायला शिकले आणि त्यांच्या ‘एवढा’चे माप दर वेळी अकरा मिलिमीटरच्या आसपास येते हे पाहून मला अभिमान वाटायचा. बोलण्याची पद्धतही त्यांचीच माझ्यात उतरली आहे. एकदा मी अल्टरनेटर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांडीने, ओढत होते आणि तो हलत नव्हता, तेव्हा ते मागून म्हणाले होते, “खालचा बोल्ट मोकळा केलास का? तो आवळलेला असताना वरून किती ओढशील?” अल्टरनेटर खालच्या एका लांब बोल्टवर दारासारखा लटकलेला असतो आणि वरच्या खाचेच्या पट्टीत सरकतो, दोन्हीकडचे बोल्ट सैल केल्याशिवाय तो हलत नाही. आजही पाना घेतला की हात आधी खाली जातो.

रबराचा एक साधा पट्टा एवढे ओझे ओढतो कसा, हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि कळल्यावर त्याच्याविषयीचा आदर वाढला. दोर खांबाभोवती गुंडाळला की एका माणसाला मोठे ओझे रोखून धरता येते. दोराच्या दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर वेढ्याच्या कोनाबरोबर बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढत जाते. अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने त्याचे सूत्र मांडले. पट्टा आणि पुली यांचे नाते तेच आहे. व्ही-पट्ट्यात आणखी एक युक्ती आहे. तो पुलीच्या तळाला टेकत नाही. दोन्ही तिरक्या बाजूंमध्ये पाचरीसारखा रुततो, त्यामुळे तेवढ्याच ताणात त्याची पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. पुलीचा तळ चकाकू लागला असेल तर समजावे की पट्टा झिजून तळाला लागला आहे आणि आता कितीही ताणला तरी उपयोग नाही. हे सूत्र समजले की अल्टरनेटरची पुलीच नेहमी आधी का घसरते तेही कळते. ती सर्वांत लहान, तिच्याभोवतीचा वेढा सर्वांत तोकडा, आणि मागणी मात्र मोठी. पासष्ट अँपिअर चौदा व्होल्टला म्हणजे नऊशे वॉट. अल्टरनेटर स्वतःच्या उष्णतेत जे गमावतो ते धरले तर जवळपास दोन अश्वशक्तीचे काम त्या बोटभर रुंदीच्या रबराने पोचवायचे असते.

आणि हे काम डिझेलमध्ये सकाळीच सर्वांत जड असते. थंड इंजिनासाठी चार हीटर प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढतात, मग सेल्फ बॅटरीतून शेकडो अँपिअर उपसतो, आणि इंजिन लागताक्षणी अल्टरनेटरला ती सगळी उधारी एकदम फेडायची असते. वर डिझेलचे फिरणे मुळात सरळ नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात; मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या आयडलिंगवर सेकंदाला सव्वीस-सत्तावीस वेळा क्रँक पुढे उसळतो आणि लगेच पुढच्या दाबाशी झगडताना मंदावतो. अल्टरनेटरचा जड रोटर त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरत असतो आणि आपल्या गतीत रमलेला असतो. त्याला या उसळ्या मान्य नसतात. दोघांच्या ओढाताणीत पट्टा कधी ताठ होतो, कधी लटकतो. पुढच्या काळातल्या डिझेल गाड्यांत म्हणून अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली आणि पट्टा आपोआप ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर आला. क्रँक मंदावला की रोटर आपल्या वेगाने पुढे फिरत राहतो आणि पट्ट्याला झटका बसत नाही. आमच्या गाडीत त्यातले काहीच नाही. तिच्यात टेन्शनरचे काम माणसाने करायचे असते.

या कामात ज्या दोन गोष्टींचा मला मनापासून राग आहे त्या इथेच सांगते. पट्टा वाजतो म्हणून त्यावर साबण घासणे किंवा चिकट फवारा मारणे ही पहिली. चार दिवस आवाज जातो, त्या चिकटावर धूळ बसते, आणि पट्ट्याच्या कडा काचेसारख्या होऊन आणखी सरकू लागतात. दुसरी म्हणजे आवाज थांबेपर्यंत आवळत जाणे. घट्ट पट्टा रात्रंदिवस अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगला आणि वॉटर पंपाच्या दांड्याला एका बाजूला ओढत राहतो. काही महिन्यांनी किंचाळीच्या जागी एक खोल घरघर येते आणि तेव्हा पट्टा बदलून भागत नाही. बाबांच्या सांगण्यात ‘बेअरिंग खाईल’ ही भीती उगाच नव्हती. ते जन्मभर सैल आणि घट्ट यांच्यामधल्या त्या तीन-चार मिलिमीटरच्या जागेतच काम करीत आले होते. म्हणूनच त्या दिवशी ते कुठे चुकले, हे मला सुटेना.

आधी काम. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून ठेवली, कारण अल्टरनेटरच्या जाड टोकावर बॅटरीची वीज सतत थेट आलेली असते आणि तिथे पाना इंजिनाला टेकला तर ठिणग्या उडतात. जुना पट्टा काढून उलटा वाकवला. वरून तो काळाभोर आणि धडधाकट दिसत होता. वाकवल्यावर आतल्या बाजूला बारीक आडव्या भेगा उघडल्या आणि दोन्ही कडा आरशासारख्या चमकल्या. अशा पट्ट्याला ताणून काही मिळत नाही. क्रँकची पुली काढली, तिच्यामागचे ऑइल सील बदलले. सीलचे रबर इतके कडक झाले होते की नखाने टोचल्यावर ते दबत नव्हते, कटकन तुकडा पडला. पुलीच्या आतले आणि बाहेरचे कडे जोडणारा रबराचा थर मी बोट फिरवून पाहिला. तो शाबूत होता. तो सुटला की बाहेरचे कडे स्वतंत्र फिरू लागते आणि माणूस बिचाऱ्या पट्ट्याला दोष देत बसतो. तिन्ही पुल्यांच्या खाचा कापडाने कोरड्या होईपर्यंत पुसल्या, आणि नवा पट्टा हाताने बसवला. स्क्रू ड्रायव्हरने पुलीच्या कडेवरून ढकलला तर चटकन बसतो, पण आतले ताण सोसणारे दोरे तिथेच दुखावतात आणि ते बाहेरून कधी दिसत नाही.

मग अल्टरनेटरच्या पुढच्या, जाड भागाला टॉमी लावून ओढले, वरचा बोल्ट आवळला, मग खालचा. अकरा मिलिमीटर आले. इंजिन सुरू केले. किंचाळी नव्हती, पण त्याऐवजी एक बारीक, तालात येणारी चिवचिव ऐकू येऊ लागली. मी पुन्हा आवळायला पाना उचललाही होता. मग थांबले, आणि फिरत्या पट्ट्यावर लांबून पाण्याचे चार थेंब शिंपडले. पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी असतो. काही क्षण थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नसतात. चिवचिव थांबली, मी मनात पाचपर्यंत मोजले, आणि ती परत आली. इंजिन बंद करून क्रँकच्या पुलीला सरळ पट्टी टेकवली तेव्हा अल्टरनेटरची पुली आत झुकलेली दिसली. खालचा लांब बोल्ट काढल्यावर त्याच्या भोवतीचा बुश, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो ती छोटी नळी, हातात आला, आणि ज्या भोकात तो गोल बसायला हवा ते भोक अंड्यासारखे लांबट झिजलेले होते. गेल्या कित्येक वर्षांत वरच्या खाचेत मी शंभर वेळा पाना लावला असेल. खालचा बोल्ट दर वेळी फक्त सैल केला आणि परत आवळला. तो काढून कधीच पाहिला नव्हता. नवा बुश, नवा बोल्ट आणि एक पातळ वॉशर एवढ्याने पुली रेषेत आली. त्यानंतर दिवे आणि ब्लोअर लावून इंजिन पंधरा मिनिटे चालवले, पूर्ण थंड होऊ दिले, आणि पुन्हा मोजले. नवा पट्टा खाचेत बसताना थोडा सैलावतोच. अकराचे चौदा झाले होते. परत अकरावर आणले. बॅटरीवर मीटर लावला तर इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट. ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ, ओळखीचे झाले.

गाडी दुरुस्त झाली, पण तो अठराचा आकडा मनातून जाईना.

त्या रात्री मी ताण तपासण्याची कृती पहिल्यांदाच शब्द न शब्द वाचली. पट्टा किती मिलिमीटर खाली जावा हे मला नेहमी माहीत होते. त्याच ओळीत त्याआधी लिहिलेले असते: सुमारे दहा किलोच्या जोराने दाबल्यावर. हे शब्द मी वाचले असणारच, पण डोळ्यांनी ते ओलांडून सरळ आकड्यावर उडी घेतली होती. पट्टा किती खाली गेला हे आम्ही दोघे इतकी वर्षे मोजत होतो. तो खाली नेणाऱ्या बोटात किती जोर होता हे कोणी कधी मोजले नव्हते. मी उठून वजनाचा काटा आणला, टेबलावर ठेवला आणि त्यावर अंगठा रोवला, पट्ट्यावर रोवते तसाच, फार विचार न करता. साडेनऊ, दहा, साडेनऊ. पुन्हा पुन्हा केले तरी तेवढेच आले. बाबांनी माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवून जो जोर शिकवला होता तो माझ्या हातात जसाच्या तसा राहिला होता.

बाबांना हे सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. सांगितले नाही तर ते पुढच्या वेळी पुन्हा अंगठा ठेवतील, पुन्हा सैल कर म्हणतील, आणि मी त्यांच्यासमोर सैल करून ते गेल्यावर पुन्हा आवळीन. हे चित्र मला इतके वाईट वाटले की सांगणेच बरे असे ठरवले. ज्या माणसाने मला कोणतीही गोष्ट अर्धवट सांगितली नाही, त्याच्यापाशी पाना लपवून काम करायचे नव्हते. पण शब्द जुळेनात. शेवटी पुढच्या रविवारी सकाळी ते खाली आले तेव्हा मी बॉनेट उघडे ठेवले होते आणि वजनाचा काटा स्टुलावर ठेवला होता. त्यांनी आधी पट्टाच दाबला. “अगं, परत तेच. किती ताणतेस!” मी म्हटले, “बाबा, पट्टी धरा आणि मी दाबते ते बघा.” अकरा. मग मी पट्टी धरली आणि त्यांना दाबायला सांगितले. त्यांच्या नखाचा रंग पांढरा झाला, मनगट किंचित थरथरले. साडेसहा. ते पट्टीकडे पाहत राहिले, आणि मग त्यांची नजर स्टुलावरच्या काट्याकडे गेली. तो तिथे कशासाठी आहे हे मला सांगावे लागले नाही.

त्यांनी काट्यावर अंगठा ठेवला. पूर्वीचा तो घट्टा आता मऊ पडला आहे. पान्याची धार लागणे थांबून बरीच वर्षे झाली. काटा सहावर जाऊन थांबला. त्यांनी हात उचलला, बोटे दोन-तीनदा मुठीत दाबली, पुन्हा ठेवला. सहा. मी काहीतरी बोलणार होते, वयाचे, थंडीचे, सांध्यांचे, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प राहिले. ते दुःखी झालेले दिसत नव्हते. एखादे इंजिन कोणत्या सिलिंडरमध्ये अडखळते आहे हे ऐकताना ते जसे दिसायचे तसे दिसत होते, मान थोडी कलती, डोळे बारीक. “तेव्हा मी अकरा होईपर्यंत सैल करवला तुझ्याकडून,” ते हळू म्हणाले. “सहा किलोला अकरा. म्हणजे दहाला अठरा.”

“हो. अठराच होते.”

“आणि ब्रेक गेला तो त्यामुळे.”

ब्रेकचे मी त्यांना सांगितले नव्हते. पंप कुठे बसवलेला आहे हे त्यांना माहीत होते, बाकीचे त्यांनी स्वतःच जोडले. मी म्हटले की तेलही लागले होते, बुशही गेला होता, पट्टा जुना होता, आणि दोन महिने किंचाळी ऐकूनही मी बॉनेट उघडले नव्हते. हे सगळे खरे होते. त्यांनी ते ऐकून घेतले, पण सैलपणाचा हिस्सा त्यांनी कोणाला दिला नाही. बराच वेळ ते पट्ट्यावर बोटे टेकवून उभे होते. मग गाडीच्या कप्प्यातून त्यांनी ती जुनी वही काढली, जिच्यात तेल केव्हा बदलले, पट्टा केव्हा घातला, याच्या तारखा गेल्या तीस वर्षांच्या त्यांच्या अक्षरात आहेत. पट्टा, सील, बुश अशी नोंद त्यांनी माझ्याकडून विचारून लिहिली. खाली एक ओळ सोडली आणि आम्हा दोघांची नावे एकाखाली एक लिहिली. माझ्या नावापुढे त्यांनी अकरा लिहिले, स्वतःच्या नावापुढे साडेसहा. पेन मिटण्यापूर्वी थोडे थांबून स्वतःच्या आकड्याशेजारी त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली, आणि मला म्हणाले, “दर सहा महिन्यांनी काटा आणत जा. हा आकडा बदलणार.”